आधी यादी, मग यंत्र

प्रिय पोरी,

ई-पुस्तकं वाचायचं यंत्र कोणतं घेऊ, असं विचारलंस. तुझ्या पत्रात तीन मॉडेलं आहेत, त्यांच्या पडद्यांचे आकार आहेत, बॅटरी किती आठवडे चालते ते आहे, सेल कधी लागणार तेही आहे. पुढच्या वर्षभरात काय वाचणार आहेस, त्याचं मात्र एकही नाव नाही. मग निर्णय होणार कसा? कागदाचा वास वगैरे लिहिलं नाहीस, तेवढं बरं केलंस. त्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही.

आधी यादी, मग यंत्र. वहीत वीस पुस्तकं लिही. वाचायला हवीत अशी नकोत, खरोखर वाचणार आहेस अशी. समोर चार रकाने आख: ॲमेझॉनच्या किंडलवर आहे, बुकगंगासारख्या मराठी ई-पुस्तकांच्या ॲपवरच आहे, कायदेशीर मोफत मिळतं, फक्त कागदावर मिळतं. एक संध्याकाळ लागेल. इंग्रजी वाचकाला हा खटाटोप करावा लागत नाही, त्याचं बहुतेक सगळं पहिल्याच रकान्यात असतं. मराठी पुस्तकं किंडलवर 2016च्या डिसेंबरपासून यायला लागली, पण तुझ्या आवडीच्या प्रकाशकाने ती तिथे दिली आहेत की नाही, हे नाव शोधल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या रकान्यात बारा-तेरा नावं आली तर साधं किंडल डोळे झाकून घे. दुसरा रकाना भरला तर ते घेऊ नकोस, कारण बुकगंगाचं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं आणि किंडलवर ते ॲप चढत नाही. तिथे अँड्रॉइडवर चालणारं, ई-इंकचा म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं यंत्र लागेल, आणि ते महाग पडतं.

तिसऱ्या रकान्यात लोक हमखास फसतात. मराठी विकिस्रोतावरून ईपब फाइल उतरवता येते. ती ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या सोयीने यंत्रावर पाठवलीस की अक्षर हवं तेवढं मोठं होतं. राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं मात्र बहुधा पीडीएफ असतात, म्हणजे पान ठरलेल्या मापाचं, जुन्या ग्रंथांचे स्कॅनही तसेच. सहा इंची पडदा म्हणजे जेमतेम 9 बाय 12 सेंटिमीटर, आणि डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराचं पान 14 बाय 21.5. अख्खं पान त्यात बसवलं की 12 पॉइंटाचं अक्षर सातच्याही खाली जातं. समास कापून यंत्र आडवं धरलंस तर अक्षर मूळ आकाराचं दिसेल, पण एका पानाचे दोन-तीन तुकडे होतील. कथा वाचून होईल, तळटीपांचा ग्रंथ नाही. या रकान्यात सात-आठ नावं असतील तर दहा इंची पडदा बघ, नाहीतर सरळ लॅपटॉपवर वाच.

आणि टेलिग्रामवर फिरणारे चोरीचे पीडीएफ हा पाचवा रकाना नव्हे. कायदा साधा आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, तीही पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी 1950मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 2011पासून मुक्त आहे. कालपरवाची कादंबरी मुक्त नाही. हे तुला सांगावं लागतंय याचा राग येतो, पण असो.

आता नमुना तपासायची रीत. यंत्र घेण्याआधी फोनवर किंडलचं मोफत ॲप टाक आणि पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक पुस्तकाचा फुकट नमुना उतरव. कथानक वाचू नकोस, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द शोध. ‘दुसर्या’ असा रफार चढलेला दिसला, किंवा ‘स्थिती’च्या जागी ‘सि्थती’ दिसली, तर ते पुस्तक बहुधा युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटमधल्या फाइलवरून उतरवलेलं आहे आणि नंतर कुणी तपासलेलं नाही. त्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. रूपांतरात ती भलत्याच जागी बसते. दहा पानांत तीन चुका दिसल्या तर तीनशे पानांत किती असतील, हिशेब कर. असं पुस्तक चौथ्या रकान्यात टाक.

कविता आणि कोश मी हट्टाने कागदावर ठेवतो, म्हणून तू हसतेस. हस. पण देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, अक्षर वाचण्याजोगं मोठं केलं की लहान पडद्यावर कवितेची ओळ मधेच तुटते आणि कवीने ती कुठे तोडली होती ते कळत नाही. कोशात एक शब्द शोधताना शेजारचे चार दिसायला हवेत. शिवाय ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे वाचायचा परवाना घेतला, एवढंच. 2009मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल या इंग्रजी लेखकाची विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. 2019मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत दिले, पुस्तकं गेली. 26 फेब्रुवारी 2025पासून ॲमेझॉनने संकेतस्थळावरून किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही काढून टाकली. म्हणून जे दहा वर्षांनी पुन्हा लागणार, ते कागदावर. याला तू म्हातारपणाचा हेका म्हण, मी बदलणार नाही.

तुझं खरं दुखणं मला कळतं: अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलायची. त्याचाही हिशेब मांड. डेमी आकाराची तीनशे पानं म्हणजे दीडशे कागद. 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागद असेल तर साधारण 315 ग्रॅम, मुखपृष्ठासह साडेतीनशेच्या घरात. चाळीस पुस्तकांचा खोका चौदा किलोचा होतो. त्याहून मोठा भरू नकोस, तळ सुटतो. पुस्तकं आडवी रच, पाठ वर करून ठेवलीस तर बांधणी सुटते. आणि दोनच खोके नेता येत असतील तर दोन खोक्यांत मावतील तीच पुस्तकं कागदावर घे, एकदा वाचून सोडायच्या कादंबऱ्या यंत्रावर नाहीतर वाचनालयातून. कागदी प्रत घेताना वरच्या कडेने पाठीकडे बघ. दुमडलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, वेगवेगळे दिसले तर बहुधा शिलाई आहे. सगळी पानं सुटी, गोंदात बसलेली दिसली तर ती प्रत टेबलावर सपाट उघडायची नाही.

यंत्राची काळजी फार नाही, एकच. ई-इंकच्या पडद्यात बहुधा काच असते, दप्तरात डब्याखाली दाबली की तडकते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राजवळ जातो. कडक कव्हर घे. खुणा केलेल्या ओळी ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या फाइलमध्ये जमतात. महिन्यातून एकदा केबल लावून ती कॉपी करून ठेव.

पण हे सगळं नंतर. सेल रविवारी संपतोय, हे कारण मला सांगू नकोस, सेल पुन्हा लागतो. वीस नावं आणि चार रकाने शनिवारपर्यंत पाठव. वीस होत नसतील तर बारा पाठव. बाराही होत नसतील तर यंत्राचे पैसे राहू देत, कोपऱ्यावरच्या वाचनालयाची अनामत भर.

तुझा,
काका