ठाण्यात राहतो, सेकंडहँड किट विमान (सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं) घ्यायचंय. धातूचं घ्यावं की लाकूड-कापडाचं?

धातूचं घ्या, झेनिथ सीएच ७०१ सारखं. आपल्या पावसाळ्यात लाकडाचे जोड आतून कुजू शकतात आणि वरच्या कापडामुळे ते दिसतही नाही. पण खाडीची खारी हवा अॅल्युमिनियमलाही सोडत नाही. रंगाला आलेले फुगे, सांध्यांतली पांढरी भुकटी शोधा. रिव्हेटभोवती (पत्रे जोडणारा खिळा) काळे ओघळ म्हणजे तो सैल झालाय.

रोटॅक्स ९१२ इंजिन असेल तर ते कमी तास चाललंय हे पाहून हुरळू नका. न उडता उभ्या विमानातही रबर म्हातारं होतं. इंधनाचे-कूलंटचे पाइप, कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट दर ५ वर्षांनी बदलायचेच. मॅग्नेटिक प्लगवर (तेलातले लोखंडी कण पकडणारं चुंबकी बूच) बारीक काळा गाळ चालतो, धातूचे टोकदार कपचे दिसले तर सौदा तिथेच थांबवा.

हे सगळं तपासायचं ते डीजीसीएची (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नोंदणी आणि लॉगबुक (उड्डाण-दुरुस्तीची नोंदवही) हातात आल्यावर.