जपानी शिकवताना ऑनलाइन मोफत साहित्यातलं काय वापरावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: पुण्यात एन-५ च्या (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) मुलांना जपानी शिकवताना ऑनलाइन साहित्याच्या ढिगातून काय निवडायचं, आणि ते विद्यार्थ्यांना वाटलेलं चालतं का. मीही नवशिक्यांनाच शिकवते, म्हणून वर्गात खरोखर वापरते तेवढंच सांगते.

आधी वाटण्याबद्दल. एखादी गोष्ट फुकट हाती लागली म्हणजे ती वाटायची मुभा मिळाली असं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी स्कॅन केलेली पाठ्यपुस्तकं मी वर्गात येऊ देत नाही. गरजही पडत नाही. जपान फाउंडेशन या जपानच्या सरकारी संस्थेचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ए-१ आणि ए-२ (भाषेच्या अगदी सुरुवातीच्या) पातळीसाठी पीडीएफ आणि ऑडिओसकट अधिकृतपणे मोफत आहे. जपानमध्ये राहून नोकरी करणाऱ्यांसाठी ते लिहिलंय, त्यामुळे संवाद जिवंत आहेत. व्याकरणाचा सराव मात्र मला त्यात कमी वाटतो, तो वरून द्यावा लागतो.

‘एन-५ चे सगळे शब्द’ अशा नावाच्या याद्या जपून वापरा. २०१० साली जेएलपीटीची रचना बदलली, तेव्हापासून परीक्षेची अधिकृत शब्दयादी प्रसिद्धच होत नाही. नेटवरच्या याद्या जुन्या परीक्षेवरून बांधलेले अंदाज आहेत. अभ्यासाला ठीक, पण ‘यादी संपली म्हणजे तयारी झाली’ असं मुलांना सांगू नका.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुमचे विद्यार्थी मोबाइलवर जो जपानी शब्दकोश उघडतात, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा जेएमडिक्ट हा मोफत जपानी शब्दकोश असतो. ऑस्ट्रेलियातल्या जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आज दोन लाखांच्या वर नोंदींपर्यंत पोचलंय. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: श्रेय द्या, हवा तसा बदल करा, बदललेलं त्याच अटीवर पुढे वाटा. जर्मन, फ्रेंच, रशियन अर्थ लोकांनी त्याला जोडलेत. मराठी नाहीत. आणि आपल्या मुलांचं नुकसान इथेच होतं, कारण ती जपानी शिकतात इंग्रजीच्या खिडकीतून.

‘ताबेते मिरु’ घ्या. इंग्रजी अर्थ वाचून मुलं ‘खाण्याचा प्रयत्न करणे’ असं समजतात आणि अडकतात. मराठीत सरळ ‘खाऊन बघणे’. ‘मिरु’ म्हणजेही बघणेच! ‘ताबेते ओकु’ म्हणजे खाऊन ठेवणे, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, हे सगळं आपल्या मुलांच्या जिभेवर आधीपासून आहे. मराठीतून सांगितलं की जो धडा इंग्रजीतून तास खातो, तो पंधरा मिनिटांत बसतो. इतकी हुकमी सोय हाताशी असताना आपण ती वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा: साहित्य जमवत बसू नका, त्यात मराठी रकाना घाला. तुमच्या धड्यातले शब्द स्प्रेडशीटमध्ये घ्या, शेजारी मराठी अर्थ लिहा, एक उदाहरणवाक्य जोडा आणि ती फाइल अंकी या शब्दपत्त्यांच्या (फ्लॅशकार्ड) ॲपमध्ये टाका. अंकी संगणकावर मोफत आहे, अँड्रॉइडवर अंकीड्रॉइडही. आयफोनवरच पैसे पडतात, तिथे ब्राउझरमधून चालवता येतं.

वाक्यांसाठी तातोएबा हे उदाहरणवाक्यांचं आणि भाषांतरांचं संकेतस्थळ बघा. तिथली बरीच जुनी जपानी वाक्यं प्राध्यापक तानाका यांच्या संग्रहातून आली आहेत. तो विद्यार्थ्यांकडून गोळा केलेला होता, त्यामुळे काही वाक्यं अवघडलेली वाटतात. शोधताना ‘मातृभाषिकांची वाक्यं’ हा पर्याय निवडा. मराठी वाक्यंही तिथे हजारोंनी आहेत, पण बरीचशी इंग्रजीला जोडलेली. खातं उघडलंत तर जपानी वाक्याखाली मराठी भाषांतर तुम्हालाही घालता येतं. वर्गातली हुशार मुलं हे आवडीने करतात.

वाचनासाठी तादोकुच्या (सोप्या जपानीतलं भरपूर वाचन) मोफत गोष्टी पुरेत. शून्य पातळीपासून सुरू करा, शब्दकोश बंद.

डेक, म्हणजे शब्दपत्त्यांचा संच, तयार झाला की अंकीवेबवर (अंकीच्या संकेतस्थळावर) सर्वांसाठी ठेवा. वर्णनात जेएमडिक्ट आणि तातोएबाचं श्रेय, परवाना आणि कोणत्या धड्यापर्यंतचे शब्द आहेत ते नक्की लिहा. नाहीतर नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या शिक्षकाला तो आपल्या वर्गात वापरता येईल का, हेच कळणार नाही.