गुडघ्यांसाठी गाडी कापायची का?

तुमचं पत्र इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे १९७०च्या दशकातली एमजी मिजेट ही दोन सीटांची छोटी, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि तुमची उंची सहा फूट तीन इंच. गुडघे स्टीअरिंगला घासतात, क्लच दाबताना पाय वाकडा करावा लागतो, तासाभरात कंबर धरते. गॅरेजवाल्यांनी सुचवलंय की तळाचा पत्रा कापून खाली घ्यावा, सीटमागची भिंत मागे सरकवावी आणि दुसऱ्या गाडीच्या सीटा बसवाव्यात. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश. हे पैसे तुम्ही आणीबाणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढणार आहात, कारण ‘गाडीची किंमतही वाढेल, म्हणजे ही गुंतवणूकच झाली.’

पत्रा कापू नका. सीटवर थोडे पैसे जरूर घाला, पण ते हौसेच्या खात्यातून. हौसेला मोल नसतं म्हणतात, बिलाला असतं.

आधी ती किंमत वाढण्याची गोष्ट पाहू. जुन्या गाड्यांच्या बाजारात आराम आणि भाव यांचं नातं बऱ्याचदा उलटं असतं. जॅग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६१मध्ये आली तेव्हा तिच्या पायाखालचा पत्रा सपाट होता आणि उंच माणसांना ती अडचणीची व्हायची. १९६२च्या सुरुवातीला कंपनीनेच तो पत्रा पायांपाशी खोलगट केला. म्हणजे तुमचं गॅरेज आज जे करू म्हणतंय तेच, पण कारखान्यात आणि कारखान्याच्या नकाशाप्रमाणे. आज संग्राहक जास्त पैसे मोजतात ते कोणत्या गाड्यांना? त्या आधीच्या, सपाट पत्र्याच्या, अडचणीच्या गाड्यांना. १९६६मध्ये त्याच ई-टाइपची टू-प्लस-टू (मागे आणखी दोन छोट्या सीटा असलेली) आवृत्ती आली, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर नऊ इंचांनी वाढवलेली. आत ऐसपैस, पण त्या मालिकेतल्या दोन सीटांच्या गाड्यांपेक्षा ती साधारणपणे स्वस्तात मिळते. जागा वाढवून भाव वाढत नाही, हे कारखान्याने केलेल्या बदलाबाबतही खरं असेल, तर गॅरेजात केलेल्या बदलाबाबत वेगळं काय होणार?

आता आकडे. गाडीची किंमत १०० धरा. ३३ खर्च केले. विकायला काढाल तेव्हा कापलेला पत्रा पाहून गिऱ्हाईक १५ कमी देईल असं समजा. हा माझा अंदाज आहे, तुम्ही १० धरा किंवा २५ धरा. एकूण झळ ४८. गाडी दहा वर्षं ठेवलीत तर वर्षाला जवळपास पाच, म्हणजे दर वर्षी गाडीच्या किमतीचा विसावा हिस्सा गुडघ्यांवर. कुणाला ते परवडतही असेल. पण याला गुंतवणूक म्हणणं चुकीचं आहे, आणि तुमचा सगळा बेत त्या एका शब्दावर उभा आहे. शिवाय ३३ हा आकडा कागदावरचा. जुन्या गाडीचा गालिचा उचलला की गंज निघतोच, आणि गंजाचा खर्च अंदाजपत्रकात कधीच नसतो.

पैशाच्या सल्लागाराने पत्र्यावर बोलू नये असं कुणी म्हणेल, पण इथे दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. मिजेटला वेगळी चासी नाही. तळ, कडेच्या पट्ट्या आणि मागची भिंत मिळूनच तिचा सांगाडा होतो. मागच्या पाटा स्प्रिंगांचा पुढचा आधारही सीटमागच्या भिंतीच्या बुडाशीच आहे. त्या भिंतीत करवत घालणं म्हणजे गाडीचा कणा हलवणं. भविष्यातलं गिऱ्हाईक किंवा विमा कंपनीचा तपासनीस नेमकं तिथेच वाकून बघेल.

मग गुडघ्यांचं काय? एक रविवार द्या, खर्च शून्य. चालकाची सीट काढा, तळावर वेगवेगळ्या जाडीच्या उशा ठेवून बसा, नेहमीचे बूट घालून क्लच पूर्ण दाबून पाहा. अडचण लांबीची आहे की उंचीची, हे लगेच कळतं. मांड्या स्टीअरिंगखाली अडकत असतील तर सीट मागे नेऊन फार फरक पडणार नाही. ती खाली जायला हवी किंवा स्टीअरिंग लहान हवं. हे न तपासता लोक महागडी कामं करून घेतात आणि नंतर चुकीचाच इंच वाढलेला असतो.

उंचीची अडचण असेल तर आधी फोम पाहा. सीटा कधी नव्याने भरून घेतल्या असतील तर ताज्या फोममुळे माणूस पूर्वीपेक्षा वर बसतो. पातळ पण घट्ट फोम घातला की बैठक खाली येते, आणि पाठीचा फोम पातळ केला की शरीर तेवढंच मागे जातं. सीटच्या रेलखाली ठोकळे असतील तर ते काढून पाहा. स्टीअरिंगचा व्यास दोन इंचांनी कमी केला की त्याची खालची कड एक इंच वर जाते. मांड्यांना तेवढं पुष्कळ होतं. बदल्यात पार्किंग करताना हात जास्त दुखतील, कारण या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही.

लांबीची अडचण असेल तर जुन्याच भोकांवर बसणारी जोडपट्टी करून रेल मागे घेता येते, भिंत अडवेपर्यंत. हे काम मात्र स्वस्तात उरकू नका. अपघातात सीटचा सगळा भार त्या पट्टीवर आणि बोल्टवर येतो. बोल्ट उच्च दर्जाचे हवेत आणि पत्र्याखाली रुंद वॉशर हवेत. सीट मागे गेली की सीट-बेल्टचा कोनही बदलतो, तो जाणकाराला दाखवून घ्या.

हे सगळं मिळून गाडीच्या किमतीच्या पाच-सहा टक्क्यांत बसावं. बसत नसेल तर दुसऱ्या गॅरेजात विचारा. आणि यातलं काहीही उलटवता येतं. जुने रेल, जुना फोम, मूळ स्टीअरिंग नावं लिहून पेटीत ठेवा. ती पेटी गाडीबरोबर विकली जाते आणि घासाघीस करताना कामी येते.

विम्याचं एकच सांगतो. बदल छोटा असला तरी कंपनीला लेखी कळवा. किंमत आधी ठरवून घेतलेली पॉलिसी असेल तर नवे फोटोही द्या. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी महागात पडू शकतो.

पैसे कुठून? आणीबाणीच्या रकमेतून नाही, पाच टक्क्यांसाठीही नाही. नोकरी गेली किंवा दवाखाना लागला तर ती रक्कम दुसऱ्या दिवशी हातात हवी. मिजेट दुसऱ्या दिवशी विकली जात नाही, आणि गरजूची गाडी तर पडत्या भावातच जाते. गाडीसाठी वेगळं खातं काढा, दरमहा ठरावीक रक्कम टाका. टायर, विमा, गंज, सीट, सगळं त्यातून. सीटांचे पैसे जमेपर्यंत काही महिने थांबावं लागेल, तर थांबा.

एक पर्याय तुमच्या पत्रात नाही, पण मला तोच जास्त पटतो. हंगामभर छोटे बदल करून चालवा आणि तरी कंबर धरतच असेल तर गाडीच बदला. एमजीबी ही त्याच कंपनीची मोठी गाडी; तिच्यात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ९१ इंच, मिजेटमध्ये ८०. उंच माणसांना ती पुष्कळ बरी पडते, आणि १९६२ ते १९८० एवढा काळ बनल्यामुळे निवडायला गाड्याही भरपूर. बंद छपराची जीटी बहुधा उघड्या गाडीपेक्षा कमी भावात मिळते. वरून काही भर घालावी लागेल, विक्रीचा खर्च आणि दलालीही जाईल. तरी न कापलेली मिजेट विकून केलेला हा सौदा त्या ४८च्या हिशेबापुढे स्वस्त पडण्याची शक्यता मोठी आहे. पुढे या दुसऱ्या गाडीशीही जमलं नाही तर ती विकून बरेच पैसे परत मिळू शकतात. कापलेल्या पत्र्यातून काही परत येत नाही.

गॅरेजला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती सीटांच्या छोट्या कामात वळती करून मागा. आणि एमजीबी बघायला गेलात तर छत चढवून, काचा वर करून, नेहमीच्या बुटांत निदान अर्धा तास बसा. छत उतरवलेल्या गाडीत सगळेच मावतात.