रिव्ह्यूमुळे गेम विकत घेण्याचा निर्णय खरोखर किती बदलतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. गेम विकत घेण्यापूर्वी वाचलेल्या रिव्ह्यूंमुळे माणसाचा निर्णय खरोखर किती बदलतो, ही पहिली. आणि समीक्षकांनी 90 च्या वर गुण दिलेला गेम घेऊनही तो आपल्याला चार-पाच तासांतच कंटाळवाणा का वाटला, ही दुसरी. गेली बरीच वर्षे मी गेम खेळत आणि त्यांच्याविषयीचे लेखन नेमाने वाचत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: वाचणाऱ्याच्या मनात त्या गेमविषयी आधीच काय आहे, यावर रिव्ह्यूची ताकद ठरते. मन कोरे असेल तर एका अनोळखी माणसाच्या चार ओळीही पुरतात. मन आधीच ठरलेले असेल तर ढीगभर परीक्षणेही त्याला हलवत नाहीत, फार तर खरेदी काही आठवडे पुढे ढकलतात.

ठरलेल्या मनाचे उदाहरण म्हणून पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट हे जोडगेम पाहा. नोव्हेंबर 2022 मध्ये ते आले तेव्हा अडखळत चालणारी दृश्ये आणि इतर तांत्रिक दोष यांवर समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी भरपूर टीका केली, आणि त्या मालिकेच्या मानाने गुणही कमी पडले. तरीही पहिल्या तीन दिवसांत दोहोंच्या मिळून 1 कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. जे लोक वर्षानुवर्षे ती मालिका खेळत आले आहेत, त्यांच्यासाठी ‘घ्यावा का’ हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता. फेंग झू आणि शियाओछ्वान झांग या संशोधकांनी 2010 साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये व्हिडिओ गेमच्या विक्रीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातला निष्कर्षही याच दिशेचा आहे: ऑनलाइन अभिप्रायांचा प्रभाव कमी प्रसिद्ध गेमवर आणि इंटरनेटचा अधिक सराव असलेल्या खेळाडूंच्या गेमवर जास्त पडतो. ज्या गेमची जाहिरात घराघरांत पोहोचली आहे त्याला अभिप्रायांची गरज कमी असते, आणि ज्याचे नावही कोणी ऐकलेले नाही त्याच्यासाठी अभिप्राय हीच एकमेव ओळख असते.

ही ओळख किती नाजूक असते, हे स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या एखाद्या छोट्या गेमच्या पानावर स्पष्ट दिसते. तिथे खेळणारा फक्त अंगठा वर किंवा खाली करतो, आणि त्या अंगठ्यांच्या टक्केवारीवरून गेमला शेरा मिळतो. निदान दहा अभिप्राय आल्याशिवाय शेरा मिळतच नाही, त्यामुळे दोन-तीन माणसांनी मिळून वर्षानुवर्षे खपून बनवलेला गेम पहिले काही दिवस शेऱ्याविनाच पडून राहतो आणि येणारा-जाणारा पान उघडून पुढे निघून जातो. त्यानंतर 40 ते 69 टक्क्यांपर्यंत ‘संमिश्र’ हा शेरा पिवळसर तपकिरी रंगात दिसतो, आणि 70 ला तो ‘बहुतांशी सकारात्मक’ होऊन निळा होतो. 69 आणि 70 मध्ये गेमच्या दर्जाचा फरक जवळजवळ शून्य आहे, पण यादीवरून भरभर नजर फिरवणाऱ्याला तपकिरी आणि निळा यांतला फरक तेवढा दिसतो. छोट्या गेमचे निर्माते ‘खेळून झाल्यावर कृपया अभिप्राय लिहा’ अशी कळकळीची विनंती का करतात, याचे कारण हेच आहे, आणि मला ती विनंती पूर्णपणे रास्त वाटते. माझ्या आवडत्या छोट्या गेमसाठी मी आवर्जून दोन ओळी लिहितो, कारण तिथे माझ्या एका अंगठ्याला खरोखर वजन असते.

आकडा मजकुराच्या आधी काम करतो, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेटाक्रिटिक ही सेवा 2001 साली सुरू झाली आणि निरनिराळ्या प्रकाशनांतल्या परीक्षणांचे गुण 100 पैकी एका सरासरीत बसवू लागली; गेमसाठी 75 आणि वर असेल तर हिरवा, 50 ते 74 पिवळा, त्याखाली तांबडा. ही सरासरी साधी नसते, काही प्रकाशनांना अधिक वजन दिले जाते आणि ते किती हे सांगितले जात नाही. तरीसुद्धा या आकड्याला उद्योगात एवढे महत्त्व आले की ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ या 2010 च्या गेमच्या निर्मात्या संस्थेला, ऑब्सिडियनला, मेटाक्रिटिकवर 85 गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता, गुण 84 मिळाले आणि बोनस हुकला. ही गोष्ट संस्थेचे एक संस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनी 2012 मध्ये जाहीरपणे सांगितली होती.

आकडा फक्त खरेदीवर परिणाम करतो असेही नाही. तो खेळण्याचा अनुभवही घडवतो. इडार ही गेम-बाजाराचा अभ्यास करणारी संस्था आणि सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ यांनी 2010 साली एक प्रयोग केला. ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा गेम खेळायला देण्यापूर्वी एका गटाला भरघोस गुण देणारी परीक्षणे दाखवली, दुसऱ्याला कमी गुणांची, तिसऱ्याला काहीच दाखवले नाही. सर्वांनी तोच गेम खेळला, पण चांगली परीक्षणे पाहिलेल्यांनी स्वतः दिलेले गुणही अधिक होते. शेवटी गेमची प्रत किंवा 10 डॉलर रोख यांपैकी एक निवडायला सांगितले, तेव्हा चांगली परीक्षणे पाहिलेल्या गटात गेम निवडण्याचे प्रमाण वाईट परीक्षणे पाहिलेल्या गटाच्या दुपटीहून जास्त निघाले. स्वतः खेळून पाहिल्यावरही माणूस आधी पाहिलेल्या आकड्याच्या आधारानेच आपले मत बनवतो, ही बाब रिव्ह्यू वाचणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्याजोगी आहे. म्हणूनच मी शक्य असेल तेव्हा परीक्षणातला मजकूर आधी वाचतो आणि गुणांकडे नंतर पाहतो.

नकारात्मक अभिप्राय सकारात्मक अभिप्रायापेक्षा जड पडतो, हेही अनुभवाला येते. ज्युडिथ शेव्हेलियर आणि दिना मेझलिन यांनी 2006 साली पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रीबाबत हेच दाखवले होते: एका ताऱ्याचा अभिप्राय विक्री जेवढी खाली खेचतो तेवढी पाच ताऱ्यांचा अभिप्राय वर उचलत नाही. स्तुती करणाऱ्याचा हेतू वाचकाला संशयास्पद वाटू शकतो, तक्रार करणाऱ्याचा सहसा वाटत नाही. मात्र गेमच्या बाबतीत याला एक सुंदर अपवाद आहे, आणि तो म्हणजे नेमकेपणाने लिहिलेली तक्रार. ‘डिस्को एलिझियम’ हा 2019 चा गेम मी एका नकारात्मक अभिप्रायामुळे विकत घेतला. लिहिणाऱ्याचे म्हणणे असे होते की यात लढाई नाही म्हटले तरी चालेल, सगळा वेळ वाचण्यात जातो, आणि आपल्याच डोक्यातले आवाज मध्येमध्ये बोलत राहतात. त्याच्या दृष्टीने हे तिन्ही दोष होते. मला नेमके तेच हवे होते. दहा लाखांहून अधिक शब्दांचा तो गेम मी मोठ्या आनंदाने पूर्ण केला. त्या माणसाने ‘बकवास, पैसे वाया गेले’ एवढेच लिहिले असते तर त्याचा मला काहीच उपयोग झाला नसता. अभिप्रायाचा अंगठा कुठे वळला आहे यापेक्षा लिहिणाऱ्याने गेममध्ये प्रत्यक्ष काय करावे लागते हे सांगितले आहे का, हे पाहणे म्हणून अधिक मोलाचे ठरते.

आता वेळेचा प्रश्न. पुष्कळ मोठ्या गेमचे पैसे लोक रिव्ह्यू येण्यापूर्वीच भरतात, म्हणजे तिथे रिव्ह्यूला बोलायची संधीच मिळत नाही. ‘सायबरपंक 2077’ 10 डिसेंबर 2020 रोजी आला तेव्हा त्याची आगाऊ नोंदणीच 80 लाखांवर पोहोचली होती. आधी प्रसिद्ध झालेली परीक्षणे केवळ संगणकावरच्या आवृत्तीची होती, आणि समीक्षकांना स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्याची मुभा नव्हती. त्यांनी गुण चांगले दिले, आणि त्यांच्यासमोर असलेल्या आवृत्तीपुरते ते प्रामाणिकही होते. पण जुन्या कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या प्लेस्टेशनसारख्या जुन्या यंत्रांवरचा, गेम इतक्या वाईट अवस्थेत होता की आठवडा उलटता उलटता सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, आणि जून 2021 पर्यंत तो परत आला नाही. या प्रकरणातून मी घेतलेला बोध साधा आहे: परीक्षण कोणत्या यंत्रावर खेळून लिहिले आहे हे कळल्याशिवाय त्या गुणांना काही अर्थ नाही. उलट दिशेचे उदाहरण ‘नो मॅन्स स्काय’चे आहे. ऑगस्ट 2016 मध्ये वचने पाळली नाहीत म्हणून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला, पण निर्माते वर्षानुवर्षे विनामूल्य भर घालत राहिले आणि 2024 च्या अखेरीस स्टीमवरचा त्याचा एकूण शेराही चांगला झाला. ज्या दिवशी गेम आला त्या दिवशीचे परीक्षण आज वाचणाऱ्याला दुसऱ्याच एखाद्या गेमविषयी सांगत असते. स्टीमने 2016 पासून ‘अलीकडील’ आणि ‘एकूण’ असे दोन शेरे वेगळे दाखवायला सुरुवात केली, ती याचसाठी.

अभिप्रायांचा निषेधाचे साधन म्हणूनही वापर होतो. मे 2024 मध्ये ‘हेलडायव्हर्स 2’च्या संगणकावरच्या खेळाडूंना सोनीच्या प्लेस्टेशनचे खाते जोडणे सक्तीचे होणार असे जाहीर होताच काही दिवसांत 2 लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय पडले आणि सोनीला निर्णय मागे घ्यावा लागला. ग्राहकांच्या एकजुटीचे ते प्रभावी उदाहरण होते, पण त्या दिवसांत फक्त शेरा पाहून गेम टाळणाऱ्याला गेम कसा आहे हे कळले नसते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ प्रसिद्ध झाल्यावर काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्य गुणांची रांग लागली, आणि हा गेम पुरा करायला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. पुढच्याच महिन्यात, जुलै 2020 मध्ये, नव्या गेमवर खेळाडूंना गुण देण्यापूर्वी 36 तास थांबायला लावण्याचा नियम मेटाक्रिटिकने केला.

अलीकडे मजकुरापेक्षा चलचित्र अधिक लोकांना पटते, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्यक्ष खेळ डोळ्यांसमोर दिसतो. ‘अमंग अस’ 2018 साली आला तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. 2020 मध्ये नामवंत खेळाडूंनी तो प्रेक्षकांसमोर खेळायला घेतला आणि तो जगभर पसरला. परंतु इथे पैशाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ या गेमच्या प्रचारासाठी यूट्यूबवरच्या खेळाडूंना पैसे देऊन ते प्रेक्षकांना पुरेसे स्पष्टपणे सांगितले गेले नाही, या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने गेमची प्रकाशक असलेल्या वॉर्नर ब्रदर्सच्या कंपनीविरुद्ध केलेली कारवाई 2016 मध्ये तडजोडीने मिटली. गेममधल्या दोषांविषयी बोलू नये, असेही त्या करारांत ठरलेले होते.

आता आपल्या 90 गुणांच्या गेमकडे येतो. समीक्षकाचे काम आपल्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत होते. त्याला प्रत बहुधा विनामूल्य मिळते, मुदतीच्या आत गेम संपवायचा असतो, आणि त्या प्रकारचे गेम आवडणाऱ्यालाच ते काम सोपवले जाण्याची शक्यता अधिक असते. चाळीस तासांचा गेम सलग आठवडाभरात संपवणाऱ्याला जी कथा वेगवान वाटते, तीच रोज रात्री तासभर खेळणाऱ्याला रेंगाळणारी वाटू शकते. खेळाडूंच्या टक्केवारीलाही अशीच एक गाळणी आधीच लागलेली असते: 95 टक्के लोकांना आवडला याचा अर्थ, ज्यांनी वर्णन वाचून, पैसे भरून तो घेतला त्यांच्यापैकी 95 टक्के. ज्यांना तो प्रकारच नको होता त्यांनी तो घेतलाच नाही, म्हणून त्यांचे मत त्यात नाही. आपण केवळ गुण पाहून त्या प्रकारात शिरला असाल, तर आपण त्या 95 टक्क्यांच्या बाहेरचे गिऱ्हाईक होता. गेमही वाईट नव्हता आणि आपली आवडही चुकीची नव्हती.

स्टीमवर दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो, पण मोठ्या गेमचे पहिले दोन तास बहुतेक वेळा शिकवण्यातच जातात आणि आपल्याला कंटाळा चार-पाच तासांनी आला. म्हणून पुढच्या वेळी अभिप्राय खेळलेल्या तासांनुसार गाळून पाहा; ती सोय तिथे आहे. हजार तास खेळून अंगठा खाली करणाऱ्याची तक्रार बहुधा एखाद्या ताज्या बदलाबद्दल असते आणि अर्ध्या तासात लिहिणाऱ्याची गेम नीट चालत नसल्याबद्दल. या दोघांनाही बाजूला ठेवा आणि तीन ते दहा तासांत गेम सोडून दिलेल्यांपैकी पाच-सहा जणांनी कारण काय दिले आहे तेवढे वाचा.