पित्ताची गोळी, पण कुठल्या पित्ताची?

या वेळी अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांवर इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. पहिलं पत्र मुद्दाम पहिलं घेतलंय, त्याचं उत्तर लांबलंय, पण ते नीट कळलं की पुढची उत्तरं सोपी जातील.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ६१, शेती करतो, संगमनेरजवळ राहतो. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता अंगभर पित्त उठलं, गांधीच गांधी, खाज थांबेना. घरात पित्ताची गोळी होती, फॅमोटिडिन लिहिलंय पट्टीवर, ती घेतली, तासाने अजून एक घेतली, काही फरक नाही. बायकोने आमसूल भिजवून चोळलं तेव्हा जरा थंड वाटलं. सकाळी मेडिकलवाल्याने बारीक पांढरी गोळी दिली, सेट्रिझिन, आणि तासा-दीड तासात अंग साफ. मग माझी आधीची गोळी डुप्लिकेट होती का?

उत्तर : काका, गोळी डुप्लिकेट नव्हती, घोळ आपल्या शब्दाचा आहे. मराठीत छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले तरी पित्त आणि अंगावर लाल चट्टे उठले तरी पित्तच. मेडिकलमध्ये नुसतं 'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा अ‍ॅसिडिटीची गोळी हातात येते, आणि ती गांधींवर एकटी पुरत नाही. पण मला या गोष्टीचं कायम नवल वाटत आलंय की हे दोन्ही प्रकार एकाच शब्दात टाकणारी आपली भाषा तशी फार चुकलेली नाहीये. कारण दोन्हीकडे एक रसायन सारखंच आहे, हिस्टामिन.

आपल्या कातडीत, नाकात, श्वासनलिकेत, आतड्यात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, दाण्यांनी गच्च भरलेल्या. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये त्यांना हे नाव दिलं, त्याला वाटलं की या खाऊन-पिऊन भरलेल्या पेशी आहेत. त्या दाण्यांत हिस्टामिन साठवलेलं असतं. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या शरीराने कधीतरी परागकण, धूळ, कोळंबी असं काहीतरी शत्रू म्हणून नोंदवून ठेवलेलं असतं आणि त्याविरुद्धच्या आयजीई नावाच्या अँटिबॉडी या पेशींवर बसून वाट बघत असतात. तीच वस्तू परत आली की पेशी उघडते आणि हिस्टामिन बाहेर. मग बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली, त्यांच्यातून पाणी झिरपतं म्हणून फुगवटा, आणि नसा चाळवतात म्हणून खाज. डास चावल्यावर जी गांधी उठते ती याचंच छोटं रूप. (अंगभर गांधी उठायला दर वेळी अ‍ॅलर्जीच लागते असं नाही हां, कधी ताप येऊन गेल्यावर, कधी पेनकिलर घेतल्यावर उठतात, कित्येकदा कारण सापडतच नाही.)

हिस्टामिनला काम करायला पेशीवर एक ठरलेली जागा लागते, तिला रिसेप्टर म्हणतात. आता एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, गोळी तेच करते. हिस्टामिन संपवत नाही, मास्ट सेल उघडायचीही नीट थांबवत नाही, फक्त त्याच्या सीटवर रुमाल टाकून ठेवते. सीट मिळाली नाही की हिस्टामिन नुसतंच फिरतं आणि थोड्या वेळाने शरीर त्याचा निकाल लावतं. जो आधीच बसलाय त्याला मात्र रुमाल उठवत नाही, तो उठेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून गांधी उठल्यावर घेतलेली गोळी लगेच चमत्कार करत नाही, आणि ज्याला ठरावीक सीझनला शिंका सुरू होतात त्याने डॉक्टरांना विचारून आधीपासून रोज घेतली तर जास्त उपयोग होतो. पुढे संशोधनात अजून एक गोष्ट कळली की ही औषधं नुसती जागा अडवत नाहीत, तो रिसेप्टर हिस्टामिन नसतानाही थोडाफार आपोआप चालू राहतो, त्यालाही बंद अवस्थेत धरून ठेवतात.

ही कल्पना सुचली कुणाला, तर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. हिस्टामिन शरीरात काय काय करतं हे इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी १९१० च्या सुमारास दाखवलं होतं. डॅनिएल बोव्हे या स्विस माणसाने असा विचार केला की नसांचे निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाला अडवणारं औषध आहे, अ‍ॅड्रेनलिनला अडवणारं आहे, मग हिस्टामिनलाच का नसावं? त्याने आणि अ‍ॅन-मारी स्टॉब या त्याच्या तरुण विद्यार्थिनीने १९३७ मध्ये गिनीपिगवर प्रयोग केले. गिनीपिग हिस्टामिनला फार नाजूक, थोड्या डोसने श्वासनलिका आवळून गुदमरतो, पण ९२९ एफ हे द्रव्य आधी टोचलं की तो वाचायचा. माणसाला द्यायला मात्र ते द्रव्य फार विषारी होतं. माणसांत वापरता येईल असं पहिलं औषध, अँटरगन, १९४२ मध्ये फ्रान्समध्येच आलं, म्हणजे ऐन महायुद्धात. बोव्हेला १९५७ चं नोबेल मिळालं. स्टॉबचं नाव तितकंसं कुणी घेत नाही, वर्गात शिकवताना मी ते आवर्जून घेते.

आता काका तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ही नवी औषधं खाज थांबवायची, शिंका थांबवायची, पण पोटात हिस्टामिनमुळे जे अ‍ॅसिड सुटतं त्यावर ढिम्म परिणाम नाही. म्हणजे पोटातली सीट वेगळ्या मापाची असणार, तो रुमाल तिथे बसतच नाही. १९६६ मध्ये अ‍ॅश आणि शील्ड यांनी अ‍ॅलर्जीवाल्या जागेला एच-१ नाव दिलं. इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक आणि त्याच्या टीमने वर्षानुवर्षं शेकडो रसायनं तपासून १९७२ मध्ये दुसरी जागा, एच-२, पक्की केली, आणि १९७६ मध्ये ती जागा धरणारं सिमेटिडिन हे औषध बाजारात आलं, अल्सरच्या कित्येक पेशंटचं ऑपरेशन त्याने टळलं. ब्लॅकलाही १९८८ चं नोबेल मिळालं. तुमची फॅमोटिडिन ही त्याच सिमेटिडिनच्या घरातली, पोटातली सीट धरणारी. सेट्रिझिन कातडीतली. तुम्ही रात्री दोन वाजता दोनदा रुमाल टाकला, पण दुसऱ्याच गाडीत. हट्टी गांधी असतील तर डॉक्टर कधीकधी दोन्ही मिळून देतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

आमसुलाचं म्हणाल तर ओल्या थंडाव्याने खाज दबते, चोळायला हरकत नाही. आणि हेही सांगते की एकेक गांधी तशीही काही तासांत आपोआप विरते, त्यामुळे सकाळचं सगळं श्रेय गोळीचंच असेल असंही नाही. सहा आठवड्यांच्या वर परत परत उठत राहिलं तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी पुण्यात कॅबचालक आहे. धुळीने सारखं नाक गळतं. पूर्वी जी गोळी घ्यायचो तिने झोप यायची पण नाक एकदम कोरडं व्हायचं. आता डॉक्टरांनी बदलून दिली तर झोप येत नाही, म्हणजे ही कमी पॉवरची आहे का? मित्र म्हणतो झोप आली तरच गोळी लागू पडते.

उत्तर : मित्राला हे वाचायला द्या दादा, कारण हा गैरसमज मला फार ठिकाणी भेटतो आणि तुमच्या धंद्यात तो जिवावर बेतू शकतो. झोप हा पॉवरचा पुरावा नाही. मेंदूतही हिस्टामिन असतं आणि तिथे त्याचं काम अ‍ॅलर्जी नाही, तर आपल्याला जागं ठेवणं हे आहे, हायपोथॅलॅमसमधल्या एका छोट्या पेशीसमूहातून ते सगळ्या मेंदूभर पोचतं. जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, या चरबीत सहज विरघळतात म्हणून मेंदूत शिरतात आणि तिथल्या जागेपणाच्या सीटवरही रुमाल टाकतात. नाक कोरडं व्हायचं ते अर्धं यामुळे की या गोळ्या अ‍ॅसिटिलकोलिनलाही अडवतात, त्यानेच तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर माणसांची लघवी अडकू शकते. (संगमनेरच्या काकांनीही हे वाक्य परत वाचावं.)

या मेंदूत शिरण्यातून चांगलंही निघालंय हां. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये गांधींसाठी असलं औषध घेणाऱ्या एका बाईच्या लक्षात आलं की ट्राममध्ये आपल्याला मळमळत नाही, आणि त्यातून प्रवासात उलटी होऊ नये म्हणूनची गोळी आली. प्रोमेथाझिनच्याच घराण्यात बदल करत करत फ्रान्समध्ये १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन बनलं, ज्याने गंभीर मानसिक आजारांच्या उपचाराचं सगळं चित्रच पालटलं. शिंकेच्या औषधातून तिथवर पोचलो आपण.

नवीन गोळ्या मेंदूत शिरल्या तरी मेंदूच्या वेशीवरचे पंप त्यांना बाहेर फेकतात. तरी सगळ्या सारख्या नाहीत. सेट्रिझिनने काही लोकांना झोप येतेच, लेव्होसेट्रिझिननेही येऊ शकते, लोराटाडिनने कमी आणि फेक्सोफेनाडिनने सगळ्यात कमी. जुन्या गोळीचा आणखी एक धोका असा की माणसाला झोप आल्यासारखं वाटत नाही पण ब्रेकवर पाय पडायला उशीर होतो, आणि रात्री घेतलेल्या गोळीचा असर सकाळी उरू शकतो.

फेक्सोफेनाडिनची जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या आधी टरफेनाडिन होतं, १९८५ मध्ये अमेरिकेत आलं, झोप न आणणारं म्हणून हातोहात खपलं. मग हार्टची लय बिघडल्याच्या केसेस यायला लागल्या, काही लोक गेले. कारण असं निघालं की टरफेनाडिन लिव्हरमध्ये जाऊन दुसऱ्याच एका पदार्थात बदलतं आणि अ‍ॅलर्जीवरचं खरं काम तो पदार्थ करतो. पण सोबत एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा फंगसवरचं किटोकोनाझोल घेतलं की लिव्हरचं ते काम अडतं, मूळ टरफेनाडिन रक्तात साचतं आणि हार्टला धरतं. मग तो बदललेला पदार्थच थेट गोळीत भरला, तीच फेक्सोफेनाडिन, १९९६ ची, आणि टरफेनाडिन १९९८ मध्ये तिथल्या बाजारातून गेलं. म्हणून डॉक्टरांना बाकी काय काय चालू आहे ते सगळं सांगायचं. आणि फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्या, संत्र्या-सफरचंदाच्या ज्यूससोबत घेतली तर ती रक्तात कमी उतरते.

नाक गळण्यापेक्षा चोंदण्याचा त्रास जास्त असेल तर नुसत्या गोळीने भागत नाही, रोजचा स्टेरॉइडचा नेझल स्प्रे त्याला जास्त उपयोगी, तो विचारून घ्या.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. सर्दी झाली की सासूबाई घरातलं जुनं सर्दीचं सिरप देतात, शांत झोपते म्हणतात. चालेल का?

उत्तर : नाही चालणार गं. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, त्यांना दुखवू नकोस, पण बाटलीवरची नावं त्यांना वाचून दाखव. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असं मिश्रण असेल तर आपल्याच औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय की ४ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचं नाही आणि तसं लेबलवर लिहायचं. व्हायरसच्या सर्दीत हिस्टामिनचा हात थोडाच असतो, त्यामुळे फायदा जवळजवळ नाहीच, आणि ती शांत झोप म्हणजे औषधाची गुंगी आहे. मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात ते वापर, आणि श्वास जोरात चालला किंवा दूध-पाणी घेईना तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे ने.

प्रश्न : शेतात गाजरगवत उपटलं की मान, चेहरा, हात काळे पडून सोलतात, खाज महिनोन्‌महिने जात नाही. अ‍ॅलर्जीची गोळी रोज घेते तरी फरक नाही. असं का?

उत्तर : मावशी, गाजरगवत म्हणजेच काँग्रेस गवत, १९५० च्या दशकात आपल्याकडे त्याची पहिली नोंद पुण्यातलीच आहे, त्यानंतर ते कुठे पोचलं नाही ते विचारा. तुमची अ‍ॅलर्जी खरी आहे पण जात वेगळी. ही आयजीईची नाही, टी-सेल नावाच्या पेशींची, सावकाश दोन दिवसांनी उठणारी, आणि तिच्यात हिस्टामिन मुख्य नाही. मग ज्याच्यासाठी सीट धरायची तो प्रवासीच गाडीत नाही, गोळी करणार काय? फार तर गुंगीने रात्री खाज जाणवणार नाही. यावर लावायचं स्टेरॉइड मलम किंवा त्याहून जोरदार औषधं लागतात आणि ती स्किनच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. गवत उपटायला दुसऱ्या कुणाला सांगा, वाऱ्याने त्याचा चुरा उडतो म्हणून पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं ठेवा, घरी आल्यावर लगेच अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा.

प्रश्न : भावाला गांधीलमाशी चावली, दहा मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला. आम्ही सेट्रिझिन दिली आणि वाट बघत बसलो. नशिबाने वाचला. बरोबर केलं का?

उत्तर : तो वाचला हे वाचून खरंच हायसं वाटलं. पण नाही, वाट बघायला नको होती. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, यात हिस्टामिनसोबत अजून कितीतरी रसायनं एकदम सुटतात, बीपी कोसळतं, श्वासनलिका आवळते, आणि गोळीला काम सुरू करायलाच अर्धा-एक तास लागतो. इथे जीव वाचवतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, गोळी त्याची जागा घेऊच शकत नाही. ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, चक्कर, गांधींसोबत उलट्या, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात पळवा, माणसाला चालवू नका, आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर बसवा. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबवा कारण त्रास परत उलटू शकतो. आणि भावाला आता अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, गांधीलमाशी त्याला परत कधीही चावू शकते.