दहा वर्षांनंतरचे आपण डोळ्यांसमोर कसे आणायचे?

तुम्ही विचारलंय की पंचविशीत आहात, नोकरी आहे, सगळे सांगतात दहा वर्षांचं ध्येय लिहून काढा, तेव्हाचे तुम्ही डोळ्यांसमोर आणा. पण डोळे मिटले की काहीच दिसत नाही, आणि आपल्यातच काही उणं आहे की काय असं वाटतं. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. तुमच्यात काहीही उणं नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, त्याचं काय झालं ते सांगतो.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. २०१० साली मी २४ वर्षांचा होतो. आमच्याकडे तेव्हा ज्याच्या दारात टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, त्याला मान, असे दिवस होते. लोहखनिजाच्या खाणीवरून नदीकाठच्या जेटीवर माल न्यायचा, तिथून तो बार्जमधून मुरगाव बंदरात. जितक्या खेपा तितके पैसे. माझा आतेभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो, मला पणजीत एका शिबिराला घेऊन गेला. तिथल्या वक्त्याने येल विद्यापीठाची गोष्ट सांगितली: १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्यांच्याकडे उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त पैसा होता. मी त्याच रात्री वही काढली.

काय लिहिलं ते आजही पाठ आहे. २०१२, दुसरा टिपर. २०१५, चार टिपर आणि घराला स्लॅब. २०२०, स्वतः गाडी चालवायची नाही, फक्त हिशेब बघायचा. टिपरचा फोटो कपाटाच्या आरशावर बरोबर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. शिबिरात सांगितल्याप्रमाणे रोज पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचो. पहिली गाडी कर्जावर घेतली, महिन्याचा हप्ता ३१ हजार. बाबा त्याच वर्षी घराखालच्या कुळागरात, म्हणजे बागेत, पोफळीची (सुपारीची) दीडशे रोपं लावत होते. पाट वळवायला मी यावं अशी त्यांची इच्छा होती. मी गेलो नाही. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पुता, खण आपली न्हय." खाण आपली नव्हे.

१० सप्टेंबर २०१२ ला, सोमवारी, सरकारच्या आदेशाने राज्यातल्या खाणी थांबल्या. पावसाळ्यात वाहतूक नसतेच, त्यामुळे मोसमाच्या तोंडावर गाड्यांची कामं करून, नवे टायर घालून आम्ही तयार बसलो होतो. १९ तारखेला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला मी शिडीवर चढलो होतो, दादा खालून सुपारीचे घोस वर देत होता. आई, आत्या, लग्न होऊन चार महिने झालेली माझी बायको, सगळ्या तिथेच. दादा म्हणाला, "लिहिलंस ते बरोबरच होतं. विश्वास कमी पडला तुझा. ज्याला पक्कं दिसतं त्याला वाट सापडते." मी घोस बांधला आणि खाली उतरलो. एक शब्द बोललो नाही.

गाडी २०१४ साली मिळेल त्या भावात विकली, उरलेलं कर्ज बायकोच्या बांगड्या मोडून फेडलं. ते दुःख सरलं. दादाचं वाक्य सरलं नाही. कितीतरी रात्री मी खरंच शोधत राहिलो की माझ्या मनात खोट कुठे होती. आमच्या वाड्यावर अकरा गाड्या होत्या. अकराही जणांचा विश्वास एकाच सोमवारी कमी पडला?

मग मी वाचत सुटलो. येलचा तो अभ्यास कधी झालाच नव्हता. विद्यापीठाने स्वतः चौकशी केली, त्या तुकडीच्या सचिवालाही विचारलं. असं काही झाल्याचं कुठेच आढळलं नाही. आणि त्यावर आजही लोक पैसे घेऊन व्याख्यानं देतात! गाब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तर उलटंच दाखवलंय. वजन उतरवू पाहणाऱ्या बायकांपैकी ज्या बारीक झालेल्या स्वतःची नुसती गोड चित्रं रंगवत होत्या, त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. ओटिंगनबाईंचं सांगणं असं की इच्छा डोळ्यांसमोर आणली की लगेच तिच्या आड काय येतंय तेही आणा. शिबिरात हा दुसरा भाग कोणी सांगितला नाही.

तुम्हाला काही दिसत नाही, त्याबद्दल. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांचा. सगळ्या वयाचे लोक म्हणाले की गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही. म्हणजे ज्यांना पुढचं स्वच्छ दिसतं, ते बहुतेक वेळा आजचेच स्वतः बघत असतात. तुमचं ‘दिसत नाही’ मला जास्त खरं वाटतं.

तरी पुढचा माणूस डोळ्यांसमोर आणण्याचा उपयोग आहे, हेही मान्य करतो. संशोधक हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांना संगणकावर त्यांचाच म्हातारपणीचा चेहरा दाखवला, तेव्हा त्यांनी म्हातारपणासाठी जास्त पैसे बाजूला काढायची तयारी दाखवली. तिथे चेहरा दाखवला होता. माझ्या आरशात टिपरमुळे माझं तोंडही दिसत नव्हतं.

म्हणून तुम्ही वस्तू लिहू नका. दहा वर्षांनंतरचा एक साधा बुधवार लिहा. किती वाजता उठता, हातात कोणतं काम आहे, दुपारी जेवायला समोर कोण आहे, संध्याकाळी किती दमलेले आहात. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की ही ओळ कोण पुसू शकतो. चार टिपर पुसायला कोर्ट होतं, सरकार होतं, बँक होती, चीनमधला खनिजाचा भाव होता. गाडीचा हौदा उचलणारं हायड्रॉलिक मी स्वतः दुरुस्त करायला शिकलो होतो, ते कोणी पुसू शकलं नाही. वहीत त्याची एक ओळही नव्हती. साखळी गावातल्या एका मेकॅनिकने त्यावर मला कामाला ठेवलं, तिथून पंप आणि मोटरी, आणि आज सत्तरीपासून फोंड्यापर्यंत कुळागरांत पंप आणि स्प्रिंकलर बसवतो. मधे खाणी सुरू झाल्या होत्या, मार्च २०१८ मध्ये त्या परत थांबल्या तेव्हा माझं काम एक दिवसही अडलं नाही. घास मात्र गिळवत नव्हता, कारण वाड्यावर चौघांनी पुन्हा गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या.

बाबाच बरोबर होते असा अर्थ काढू नका. त्यांच्या दीडशे पोफळींतल्या चाळीसेक जगल्याच नाहीत. सहाव्या वर्षी पीक हाताशी आलं तेव्हा पाऊस लांबला, बोर्डो या औषधाची दुसरी फवारणी राहिली आणि कोळेरोगाने घोसच्या घोस गळले. तेही वर्षानुवर्षं मोजत होते, फक्त वहीत लिहीत नव्हते. आणि लिहिण्यावरही माझा राग नाही. ‘जमेल तेवढं कर’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय ठेवलं तर काम जास्त होतं, हे लॉक आणि लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलंय. माझं भांडण ‘विश्वास कमी पडला’ या एका वाक्याशी आहे. दादाच्या वाचनात हे आलं तर येऊ दे. मी रोज पहाटे साडेचारला उठून गाडी काढत होतो, दादा. विश्वास होता.

एक राहिलं. हे बुधवारचं वगैरे, ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही त्याच्यासाठी आहे. तुमच्यावर कर्ज असेल तर आधी किती हप्ते उरलेत ते लिहा, आणि पगार तीन महिने थांबला तर ते कशातून भरणार ते लिहा. दहा वर्षांचा कागद त्यानंतर घ्या.