नशिबापेक्षा कौशल्यावर चालणारे गेम कसे ओळखायचे? आवडत्या गेममधलं रँडम प्रकरण बंद करता येतं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नेम धरायचा, डोकं लावायचं आणि शेवटी गेमनेच नाणं उडवून निकाल द्यायचा हे पटत नाही. तर मग रँडम काहीच नसलेले गेम शोधावेत का? माझं मत: तसे शोधत बसू नका. दान कधी पडतं, तेवढं बघा.

सापशिडीत दान पडलं की विषय संपला, ठरवायला काही उरतच नाही. रमीत पानं नशिबाने येतात, पण कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे आपल्या हातात असतं. दान आधी आणि डोकं नंतर, हा क्रम असला की चांगला खेळाडू फालतू पानांतूनही वाट काढतो. उलट, तुमचा निर्णय बरोबर ठरल्यावर गेम फासे टाकत असेल, तर नुसतं चडफडायचं.

या उलट्या क्रमाचा नमुना म्हणजे टीम फोर्ट्रेस 2 या गोळीबाराच्या गेममधले रँडम क्रिट, म्हणजे नशिबाने लागणारे, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मारक फटके. बहुतेक बंदुकांना क्रिटची शक्यता मुळात 2 टक्के असते, आणि मागच्या 20 सेकंदांत तुम्ही जितकं डॅमेज (शत्रूचं नुकसान) केलं त्यानुसार ती 12 टक्क्यांपर्यंत चढते. जो आधीच मारतोय त्यालाच आणखी मदत! सोल्जर या रॉकेटवाल्या पात्राच्या रॉकेटचं डॅमेज साधारण 90, क्रिट लागला की तिप्पट, म्हणजे 270. समोरच्या सोल्जरची पूर्ण हेल्थ 200. त्याने कितीही चांगली पोझिशन घेतलेली असो, एका रॉकेटमध्ये खेळ खल्लास.

सुदैवाने हे बंद होतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर कन्सोलमध्ये (गेममधल्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘टीएफ_वेपन_क्रिटिकल्स’ ही कमांड (अर्थात रोमन लिपीत) 0 करा. शॉटगनच्या छर्‍यांचा विस्कळीतपणा घालवायला ‘टीएफ_यूज_फिक्स्ड_वेपनस्प्रेड्स’ 1 करा, म्हणजे छर्रे दर वेळी ठरावीक चौकोनी नक्षीतच जातात. हेडशॉट आणि पाठीत सुरा यांचे क्रिट याने जात नाहीत, ते कमावलेले असतात. एक गोची मात्र होते: आयलँडर तलवारीसारख्या काही शस्त्रांचा ‘रँडम क्रिट नाहीत’ हा तोटा असतो. क्रिट सगळ्यांचेच बंद केले की हा तोटा उरत नाही आणि ती शस्त्रं फुकटात वरचढ होतात. एक सेटिंग हलवलं की दुसरीकडचा तोल ढळतो, हे गृहीत धरूनच चाला.

प्रत्येक गेममध्ये अशी सोय नसते. 2008 च्या सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉलमध्ये धावायला सुरुवात करताना पात्र अधूनमधून आपोआप अडखळून पडायचं आणि ते बंद करायला मेनूत पर्यायच नव्हता. 2014 च्या पुढच्या भागात ते काढून टाकलं. असा गेम स्पर्धेसाठी घेऊच नये.

काही गेम नशीब ठेवतात, पण त्याला वेसण घालतात. आजच्या टेट्रिसमध्ये सातही आकार जणू एका पिशवीत घालून एकेक काढले जातात, पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरतात. त्यामुळे दोन उभ्या काड्यांच्या मधे जास्तीत जास्त 12 तुकडे येऊ शकतात. हा हिशोब पाठ असलेला खेळाडू खड्डा किती वेळ उघडा ठेवायचा हे नेमकं ठरवतो. डोटा 2 या लढाईच्या गेममध्ये ‘25 टक्के शक्यता’ लिहिलेली बरीचशी कौशल्यं पहिल्या फटक्याला साधारण 8.5 टक्क्यांवर असतात. फटका हुकला की तितकेच टक्के वाढतात आणि लागला की गणती परत पहिल्यापासून. म्हणून सलग चार वेळा लागणं किंवा वीस वेळा हुकणं, असले तमाशे एक तर फार क्वचित होतात किंवा होतच नाहीत.

आणि काही ठिकाणी नशीब वाटतं ते नशीब नसतंच. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये एके-47 चा ट्रिगर दाबून धरला की गोळ्या ‘कुठेही’ जातात असं नवख्याला वाटतं. खरं तर रिकॉइलची, म्हणजे बंदुकीच्या झटक्याची, वाट ठरलेली असते: आधी वर, मग बाजूंना. रिकाम्या मॅपवर भिंतीसमोर उभं राहून पूर्ण 30 गोळ्यांची मॅगझीन झाडा आणि माउस उलट दिशेला, खाली ओढत राहा. आधी पहिल्या 10 गोळ्या मुठीएवढ्या जागेत आणा, पुढचं नंतर. पळता पळता झाडलेली गोळी भरकटते, त्याचा दोष मात्र फाशांना देऊ नका, आधी थांबा आणि मग झाडा.

बीजीएमआयचं (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या मोबाइल गेमचं) काय, हे कुणीतरी विचारणारच. लूट (मॅपवर सापडणारी शस्त्रं-सामान) आणि झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) रँडम असतात, पण ते आधी दिसतात आणि मग तुम्ही हलता, म्हणजे क्रम सरळ आहे. फक्त एका मॅचवरून कुणाची लायकी ठरवू नका, स्पर्धांतही अनेक मॅचचे गुण एकत्र करतात. साधं गणित बघा: तुम्ही समोरच्यापेक्षा थोडे सरस असाल आणि एक डाव जिंकण्याची शक्यता 55 टक्के असेल, तर तीनपैकी दोनच्या सामन्यात ती 57.5 होते आणि पाचपैकी तीनमध्ये 59.3. म्हणजे पाच डावांच्या सामन्यातसुद्धा दहापैकी चार वेळा कच्चा खेळाडू जिंकतो, आणि तेही एकही रँडम क्रिट न लागता. मित्राशी पैज लावणार असाल तर निदान 20–25 डावांची लावा.